पडद्यावरचा डाग

“पुन्हा तेच चॅनल?” थोरल्याने दारातूनच विचारलं आणि आत येऊन धाकट्याच्या हातातला रिमोट हिसकावून घेतला.

“बातम्या बघतोय, दादा.”

“सकाळपासून त्याच बातम्या आहेत. कोपऱ्यातलं ते चिन्ह दिवसभर एकाच जागी जळत राहतं आणि मग पडद्यावर कायमचं उमटतं. किती वेळा सांगायचं?”

टीव्ही थोरल्याचा होता. जन्मभर बस चालवून तो निवृत्त झाला, तेव्हा डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढून दिलेला. बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही, तसाच तो टीव्हीला जपायचा. उजेड निम्म्यावर आणून ठेवलेला. एकच चॅनल फार वेळ लावायचं नाही. चित्र थांबवून उठायचं नाही. रिमोटने बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालूच ठेवायचं, कारण त्या वेळात टीव्ही आपला आपण पडदा साफ करतो.

बायको गेल्यापासून धाकटा भावाकडेच राहत होता. स्वयंपाक तो करायचा, भांडी थोरला घासायचा. दोघांचं बरं चाललं होतं. पण बातम्या लावून डुलक्या काढायची धाकट्याची सवय, आणि तिथेच माशी शिंकली.

एका दुपारी थोरल्याला डाग दिसला. करडा, मळकट. त्याने चॅनल बदलून पाहिलं. गाणी, क्रिकेट, जंगलातले प्राणी; डाग सगळीकडे होताच.

“बघ. हे तुझे पराक्रम.”

धाकट्याने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. चॅनलच्या चिन्हाची पुसट खूण खरंच उमटली होती. त्याचा चेहरा उतरला.

“चुकलंच माझं. पण एवढंसं तर आहे, दादा. लक्षही जात नाही.”

“लक्ष जात नाही? त्या बातम्यावाल्या बाईचं तोंड खाल्लंय त्याने!”

रागात दादा राईचा पर्वत करतो, हे धाकट्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसला.

राग मात्र बसला नाही. उलट घरभर पसरला. चहा पांचट झाला म्हणून थोरला चिडायचा. छपाई हल्ली धड नसते म्हणत पेपर भिरकावून द्यायचा. जिन्यात समोरच्या काकू हसल्या, तर हा ओळख न दाखवताच पुढे निघून गेला. टीव्हीच्या रागापायी शेजार कशाला तोडतोस, असं धाकट्याने विचारलं, तर त्याच्यावरच उखडला.

धाकट्याने टीव्ही बघणंच सोडून दिलं. तरी एका संध्याकाळी थोरला त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“डाग वाढलाय.”

“मी रिमोटला हातसुद्धा लावत नाही.”

“मी फिरायला गेलो की लावतोस. खोटं बोलू नकोस.”

धाकटा उठून उभा राहिला.

“बाकी काहीही बोललास ते ऐकून घेतलं, दादा. पण खोटारडा कधी म्हणाला नव्हतास.”

त्याने बॅग भरली. “मुलीकडे जातो.”

“जा. निदान टीव्ही तरी वाचेल.”

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने सगळा पडदा राखाडी करून पाहिला आणि मान हलवली.

“कायमचा उमटलाय, काका. हा आता पुसला जायचा नाही. पॅनल बदलावं लागेल, दुकानात नेतो.”

“म्हणजे तुलाही दिसतोय ना?”

“दिसतोय की. एकच चॅनल लावून ठेवलं की असंच होतं.”

थोरल्याला हायसं वाटलं. परक्या माणसाने सांगितलं होतं, म्हणजे आपलं काही चुकलं नव्हतं. टीव्ही उतरवून मेकॅनिक गेला, तसा तो मान खाली घालून खुर्चीत बसला आणि भावाला काय काय सुनावायचं ते मनाशी जुळवू लागला. मेकॅनिकसुद्धा तेच म्हणाला. आता बोल, कोण खोटं बोलत होतं?

दार वाजलं.

“उघडंच आहे,” तो म्हणाला.

“घराची किल्ली माझ्याकडेच राहिली होती,” धाकट्याचा आवाज आला. “ती द्यायला आलोय. लगेच जातो.”

थोरल्याने आवाज चढवायची तयारी केली, मान वर केली आणि सरळ भावाच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

तोंडाच्या जागी तोच करडा डाग होता.