खिडकीजवळची खाट

परीक्षा घ्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बोट करून भवानीला नेमकी खिडकीजवळची खाट दिली. सकाळपासून तिनं मल्हारीला एकच साकडं घातलं होतं, की कुठलीही खाट दे, पण ती नको. देवालाही थट्टा सुचते ती भलत्याच वेळी.

देवासच्या टेकडीखालच्या त्या आश्रमात अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं राहत. संस्थानाच्या काळात त्यांची सेवा करणाऱ्या बायांना कुणी काही विचारत नसे. जिला घाण काढताना किळस येत नाही ती बाई कामाची, एवढंच. मग संस्थान गेलं, आश्रमावर नवी कमिटी आली, आणि कमिटीनं ठरवलं की शिकून सर्टिफिकेट घेईल तीच बाई कामावर राहील. मध्यंतरी एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात गेलं होतं. तेव्हापासून शिकवणाऱ्या सिस्टरनं एक गोष्ट सगळ्यांकडून घोकून घेतली होती. रोग्याला त्याच्या नावानं हाक मारायची, त्यानं ओ दिली की मगच औषधाचा पेला पुढे करायचा. इथं चुकली ती नापास, मग बाकीचं कितीही चांगलं केलेलं असो.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्याचं नाव खंडोजी होतं. भवानीच्या नवऱ्याचंही तेच.

लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. घरच्या देवालासुद्धा ती मल्हारीच म्हणायची, खंडोबा नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आश्रमात आजवर निभावलं, कारण म्हाताऱ्याला काका म्हटलं की भागायचं. सुभद्रा तिच्याबरोबर काम करायची. ती म्हणाली होती, उखाण्यात घे, उखाण्यातलं नाव चालतं. पण औषध पाजताना उखाणा घेतला असता तर वॉर्डानं टाळ्या पिटल्या असत्या आणि डॉक्टरीणबाईंनी तिला घरी धाडलं असतं.

आणि घरी नवरा मुदतीच्या तापानं पडला होता. आजउद्या जपा, असं डॉक्टर कालच सांगून गेले होते. त्याचं गिरणीतलं काम सुटलं होतं. दूध, औषध, चूल, सगळं हिच्या नोकरीवर चाललं होतं.

भवानीनं हात धुतले, पेला उचलला आणि खाटेशी जाऊन उभी राहिली.

"काका, दवाई घ्या."

"नाम से बुलाइए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका तो यहाँ सभी हैं."

पेला ठेवून द्यावा, हे मला जमत नाही म्हणावं आणि चालू लागावं, असं तिच्या मनात आलं. पण मग घरी त्याला दूध कुठून आणायचं? आणि नाव घेतलं, अन् दूध पाजायला तोच राहिला नाही तर? इकडे आड तिकडे विहीर. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"जोर से. इन्होंने सुना ही नहीं."

म्हातारा खरंच बहिरट होता. भवानीनं डोळे मिटले आणि ती ओरडली, "खंडोजी!"

सगळा वॉर्ड वळून बघू लागला. म्हाताऱ्यानं सावकाश मान फिरवली आणि ओ दिली. तिनं त्याच्या मानेखाली हात घालून औषध पाजलं. थेंब सांडला नाही. डॉक्टरीणबाई पास म्हणाल्या, सुभद्रानं पाठीवर थाप मारली, पण दुसऱ्याच कुणा बाईचं कौतुक चाललंय असं तिला वाटत होतं. ती चहालाही थांबली नाही.

रस्त्यात ओळखीचं माणूस समोरून दिसलं की तिची पावलं अडखळत. आता हा घरचं काय सांगतोय? गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं, म्हणून तिला जरा धीर आला. मग घराच्या दाराबाहेर चपला दिसल्या. बायकांच्या, पुरुषांच्या, कशाही काढून टाकलेल्या. भवानी भिंत धरत धरत दारापर्यंत गेली.

आत शेजारच्या अक्का आणि त्यांचा भाऊ नवऱ्याची चादर बदलून नुकतेच टेकले होते, बस. तिला बघून ते उठले आणि आपल्या घरी गेले. नवरा उशाला टेकून बसला होता. कपाळ अजून कढत होतं.

"झालीस का पास?"

"झाले," ती म्हणाली आणि खाटेपासून लांबच उभी राहिली. "पण तुमचं नाव घेतलं. मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकलं." आणि तिला रडू फुटलं. म्हाताऱ्याचं नाव, हाक मारायचा नियम, सासूचं बोलणं, सगळं तिनं रडत रडत सांगितलं.

त्यानं तिला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनी ऐकलं. मीच तेवढा राहिलो की."

तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला.

"माझ्या दवाईची वेळ झाली ना?" त्यानं विचारलं. "आता तू सर्टिफिकेटवाली. चल, कायदे से दे, रीतसर."

भवानीनं डोळे पुसले, हात धुतले, कोनाड्यातल्या बाटलीतलं औषध पेल्यात ओतलं आणि शिकवल्याप्रमाणे खाटेशी उभी राहिली. तिचे ओठ हलले. आवाज काही फुटेना.

तो तिच्या ओठांकडेच बघत होता. त्यानं ओ दिली.