मधले मजले

“हा भाग राहू दे, पुढचा बघू,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

काकूंच्या हातातली सुई तिथंच थांबली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांनी नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मिस्त्रींची हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. प्रत्येक मजल्यावर थांबून दार उघडून बघितल्याशिवाय त्यांनी कुठली लिफ्ट चालू करून दिली नव्हती. घरातही खाक्या तोच. ‘शून्यापार’ ही अंतराळयानाची मालिका दोघांनी लग्नाच्या नव्या नवलाईत पाहिली होती. आता ती पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली, ती मिस्त्रींच्या एकाच अटीवर. एकही भाग गाळायचा नाही. रबरी राक्षसाचा तो रटाळ भाग आला तेव्हा काकूंनी अक्षरशः हात जोडले होते. “मधले मजले गाळून लिफ्ट वर जाते का?” मिस्त्रींनी विचारलं होतं, आणि राक्षस मरेपर्यंत बघावा लागला होता. सुरुवातीचं संगीतसुद्धा ते पुढे ढकलू देत नसत.

आणि आज रविवारच्या भर दुपारी हाच माणूस मालिकेवर सरसकट कात्री चालवत होता.

“हाही नको. हा बघू, यात म्हातारा यंत्रमानव आहे. हा नको. हा बंद पडलेल्या मनोऱ्याचा, हा बघू. मग एकदम शेवटचे दोन.”

“शेवटचे? अहो, निम्मी मालिका अजून मध्ये पडलीय.”

“मध्ये नुसतं पाणी घातलंय.”

दर रविवारी एक, अशा त्यांच्या चालीनं सगळे भाग संपायला वर्षं लागली असती. मिस्त्रींनी निवडलेले तर उन्हाळा सरायच्या आतच संपत होते. म्हणजे आपल्या हाती तेवढाच वेळ आहे तर, काकूंना वाटलं.

काखेत एक गाठ त्यांना स्वतःचाच ब्लाउज बेतताना लागली होती. तपासणीला गेल्या तेव्हा दारातच थांबल्या. जन्मभर सुईवर पोट भरलेली ही बाई दुसऱ्याच्या हातातली सुई बघून पांढरीफटक पडली. तेव्हा मिस्त्रींनी आपलीच बाही वर केली होती. “आधी माझं रक्त घ्या. हिचं जे जे कराल ते आधी माझं करा, म्हणजे हिला धीर येईल.” नर्स हसली, पण ऐकलं तिनं. मग प्रत्येक खोलीत पुढे मिस्त्री आणि मागे काकू. सुई झाली, छातीचा फोटो झाला, सगळं झालं. प्रत्येक वेळी मिस्त्री बाहेर येऊन सांगायचे, “काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं.”

दोघांचे रिपोर्ट आणायला मात्र ते एकटेच गेले. आले ते चप्पल न काढताच म्हणाले, “तुझी गाठ साधी आहे. चरबीची. गोळीसुद्धा नको.”

काकूंनी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? त्या दिवसापासून मिस्त्रींचं वागणंच बदललं होतं. कित्येक वर्षं ठिबकणारा मोरीतला नळ त्यांनी न सांगता दुरुस्त केला. शिलाई मशीन सगळं खोलून त्याला तेलपाणी केलं. लेकीला फोन करून “चार दिवस राहायला ये” म्हणाले. ताटातलं अर्धं अन्न तसंच ठेवून उठू लागले. खोकून खोकून हैराण व्हायचे, पण औषध आणा म्हटलं की विषय बदलायचे. बायकोच्या काळजीनं माणूस पोखरून निघालाय, काकूंना दिसत होतं. त्यांना नवऱ्याची फार दया यायची.

आत्ता मात्र दयेच्या जागी त्यांना संताप आला. पडद्यावर निवडलेल्या भागांची रांग लागली होती आणि त्यात यानावरच्या माळीणबाईचा एकही भाग नव्हता. काचेखाली टोमॅटो वाढवणारी, कॅप्टनलाही दटावणारी ती बाई काकूंचा जीव की प्राण होती. एक यंत्रमानव आणि दुसरा मनोरा! मरायचं आपण, आणि भाग मात्र यांच्या आवडीचे! डोळे भरून येत होते आणि रागही आवरत नव्हता.

“अहो, एकदाचं खरं सांगून टाका,” त्या म्हणाल्या. “मी घाबरणार नाही.”

“सांगितलं ना. गाठ साधी आहे. तुला काहीही झालेलं नाही.”

“मग ही घाई कशाला? आणि घाईच आहे, तर जाणाऱ्या बाईच्या आवडीचा एक तरी भाग ठेवायचा! माळीणबाई सगळी गाळलीत तुम्ही.”

मिस्त्रींनी काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. काकूंनी उठून पाठीवरून हात फिरवला, तेव्हा सदऱ्याखाली त्यांच्या हाताला नुसती हाडं लागली. हे हाड न् हाड कधीपासून लागायला लागलं, त्यांना आठवेना.

उबळ थांबली. मिस्त्रींनी रिमोट काकूंच्या मांडीवर ठेवला आणि पाठीवरचा त्यांचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

“माळीणबाईचे तू नंतर बघ,” ते म्हणाले. “सावकाश. एकही गाळू नकोस.”