डावा कान

“उजव्या कानात जे ऐकू येईल, ते मोठ्याने म्हणत राहायचं. डाव्याकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही,” भास्करने बजावलं आणि श्रीपादच्या डोक्यावर हेडफोन जरा जोरातच दाबला.

दुपारचे तीन वाजले होते. जर्मनीतल्या आखन शहरातल्या या संस्थेत दोघांची तीन वर्षं भरत आली होती. दोघेही पुण्याचे, एकाच घरात भाड्याने राहणारे. सहायकाची जागा मात्र एकच होती आणि प्रोफेसर लिंडेंचा कल श्रीपादकडे होता. भास्करला श्रीपाद डोळ्यांसमोर नको झाला होता.

एका कानाकडे लक्ष असलं की दुसऱ्यात काय पडतं ते माणसाला कळत नाही, असं प्रोफेसरांचं म्हणणं. मातृभाषा तरी कळते का, हे आज पाहायचं होतं. डाव्या कानाचा मराठी मजकूर भास्करनेच टेपवर भरला होता. प्रोफेसरांना मराठीचं अक्षर येत नव्हतं.

उजव्या कानासाठी त्याने हाउसऑर्डनुंग, म्हणजे घरमालकिणीने जिन्यात टांगलेली नियमावली, मुद्दाम निवडली. पहिल्या वर्षी या मालकीणबाई, फ्राउ श्मिट्झ, दर शनिवारी श्रीपादला जिन्यात उभं करून ती वाचायला लावत. तेव्हा त्याचं जर्मन इतकं कच्चं होतं, की बाई होकार म्हणून “या, या” म्हणाल्या की हा ‘या आता’ असा निरोप समजून खाली मान घालून निघून जाई. हा किस्सा भास्करने गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवला होता.

टेप फिरू लागली. श्रीपाद जर्मनमध्ये बोलू लागला. रात्री दहानंतर अंघोळ नाही, जिन्यात सायकल नाही.

डाव्या कानात भास्करचा आवाज होता. “शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा तुझा अर्ज मी कचेरीत दिलाच नाही. तू तापाने पडलेला, विश्वासाने माझ्या हातात दिलास. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. आज पाचला मुदत संपते. मग बस पुण्याला जाऊन.”

श्रीपादच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शब्दही चुकला नाही. भास्करला मनातून गुदगुल्या होत होत्या. हलकट माणसाला एवढं सुख पुरतं.

“डावीकडे काय होतं?” हेडफोन काढत त्याने विचारलं.

“कुणास ठाऊक. कळलं नाही काही.”

भास्करने तक्त्यात शून्य मांडलं.

तेवढ्यात प्रोफेसर आले. तोच प्रश्न शेवटी ते स्वतः विचारत. तक्ता पाहून ते थबकले. जर्मन म्हणण्यात एकही चूक कशी नाही? श्रीपादने सांगितलं, ही नियमावली त्याला तीन वर्षांपासून तोंडपाठ आहे, ती म्हणायला कान लागत नाही.

“म्हणजे डाव्या कानातलं तुम्ही सगळं ऐकलंत?” प्रोफेसरांनी विचारलं.

श्रीपाद उठला. खुंटीवरच्या भास्करच्या कोटातून त्याने लिफाफा काढला आणि प्रोफेसरांना उत्तर म्हणून, पण भास्करकडे बघत म्हणाला, “या.”