वाटीभर हळद

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आम्ही मिलिटरीने मोडीत काढलेल्या जीपमधून नवरीच्या गावी जोयड्याला निघालो आणि चढावर रेडिएटर गळू लागला. ही हळद लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढणार नव्हती. भरमू ड्रायव्हरने ओढ्याचं पाणी ओतलं. ते प्रामाणिकपणे ओढ्याकडे परत गेलं. "हळदीनं भोक बुजतंय," तो मागं बसलेल्या आत्याच्या हातातल्या हळदीच्या वाटीकडे बघत म्हणाला. "मुडद्या, ती नवरीची हाय!" "मग पोचवायची तरी कशी? चालत?" आत्याने डोळे मिटून वाटी दिली. गळती थांबली. पोचलो तेव्हा विहीणबाई दारातच उभ्या. "हळद कुठाय?" भरमूने बॉनेटकडे बोट दाखवलं. "आमच्या पोरीआधी गाडीला लावली? म्हंजे ही थोरली सवत!" "लग्न मोडलं!" म्हणत आत्याने कपाळावर हात मारला. तेवढ्यात नवरी बाहेर आली, जीपच्या पाया पडली आणि रेडिएटरच्या नळाखाली तांब्या धरून म्हणाली, "अक्का, माझ्या वाटणीची द्या."