पहिली वाम

धरण झालं आणि आमच्या नदीतल्या वामा संपल्या. समुद्रातून चढून येणारी पिल्लं भिंतीशीच अडायची. शिकून परतल्यावर मी ती पिल्लं दर उन्हाळ्यात पिंपांतून धरणापलीकडे नेऊन सोडू लागले. रेवीकाका चिडवायचे, “एवढी शिकलीस आणि माशांची ड्रायव्हर झालीस!” तरी माझ्या आईनं विणलेली वेलींची टोपली ते दरवर्षी नदीत टाकायचे आणि रिकामीच वर काढायचे. आज ती जड लागली. आत मनगटाएवढी जाड वाम वळवळत होती. “तुझी आई अशीच वाम धुरावर लटकवायची, पलीकडच्या काठावरची पोरं वासानं पोहत यायची,” म्हणत काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. “खा ना, काका. कोण बघतंय?” “मोसमातला पहिला मासा समुद्रदेव तांगारोआचा. तुझ्या आईला वर काय तोंड दाखवू?” वाम पाण्यात सोडून, टोपली पुन्हा बुडवत काका हसले. “आता दुसरी सापडेपर्यंत जगणं आलं!”