आपलं कोणी

"आपलं कोणी नाही ना आत?" मालकांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

"नाही साहेब. लेबर आहे फक्त," सुपरवायझर म्हणाला. त्याने फोन खिशात ठेवला.

पाइप टाकायला खणलेला खोल चर एका दमात खचला होता. आत सकाळीच नाक्यावरून आणलेली नवी टोळी होती, तिचा मुकादम होता आणि सुपरवायझरचे वडीलही होते. कारखाना बंद पडल्यापासून ते मिळेल ते काम करत. मुलाने मात्र ऑफिसात वडिलांचं मोठं दुकान असल्याची थाप मारली होती. सकाळी दोघं समोरासमोर आले, तेव्हा वडिलांनीच नजर फिरवली आणि घमेलं उचललं. त्याला केवढं हायसं वाटलं होतं. आता त्याची त्यालाच किळस येत होती, तरी तोंड उघडत नव्हतं.

अग्निशमन दलाच्या जवानाने सगळी यंत्रं बंद करायला लावली. चराच्या कडेला पालथा पडून तो ओरडला, "कोणी आहे का?"

माती गप्पच होती.

"असं नाही चालायचं," तो म्हणाला. "अर्धवट शुद्धीतला माणूस आपल्या नावालाच ओ देतो. नावं सांगा."

"लेबरची नावं कोण विचारतं हो?" ऑफिसातलं कोणीतरी म्हणालं. "मुकादमाला ठाऊक असतील. तोही खालीच आहे."

"एक तरी नाव सांगा."

एक नाव सुपरवायझरला जन्मापासून पाठ होतं. पण जन्मदात्याला नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही. त्याने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, चिखलात आडवा झाला आणि जिवाच्या आकांताने हाक मारली.

"बाबा!"

ऑफिसातली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. बघोत.

मातीखालून ओ आली. मग जरा पलीकडून दुसरी. मग पार टोकाकडून, अगदी क्षीण, तिसरी. प्रत्येकाला वाटलं होतं, आपलंच लेकरू हाक मारतंय.

त्याने कानात प्राण आणून ऐकलं. त्यात त्याच्या बाबांचा आवाज नव्हता.

"आलो बाबा, आलो," तो म्हणाला, आणि सगळ्यात जवळच्या आवाजापाशी दोन्ही हातांनी माती उपसू लागला.