पडद्यामागचं थालीपीठ

“मालिकेतलं एखादं गुपित सांगा ना,” केतकीनं गळ घातली. तीस वर्षांपूर्वी घराघरांत पाहिलेल्या विनोदी मालिकेतली आई आज तिच्यासमोर चहा पीत बसली होती.

“मला स्वयंपाक येत नाही,” नलिनीताई हसून म्हणाल्या. “दर भागात मी वाढायचे ना, ती थालीपीठं आमचा लाइटवाला गजाभाऊ सेटमागे स्टोव्हवर लावायचा.”

केतकीनं लगेच घरी फोन लावून त्यांच्या हातात दिला. “बाबा आहेत. ‘त्या बाईंसारखं थालीपीठ तुला कधी जमलंच नाही,’ असं आईला अजून ऐकवतात.”

नलिनीताईंनी घसा खाकरला आणि मालिकेतला तोच लाडिक आवाज लावला.

“अहो, ते थालीपीठ पुरुषाच्या हातचं असायचं. आज तुम्ही थापा. वहिनींना जरा बसू द्या.”